१२३४५६७८९८७६५४३२१ : एका सतरा अंकी संख्येची पूर्ण तपासणी

नाशिकरोडच्या एका शाळेतल्या गणित मंडळाने २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनासाठी एकाच संख्येचा तक्ता करायला घेतला. संख्या निवडली १२३४५६७८९८७६५४३२१. निवडीमागचं कारण गावातलंच होतं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९३० ते १९६२ या काळात देवळालीत शिक्षकाची नोकरी केली, आणि संख्यांच्या ज्या जाती त्यांनी शोधून त्यांना नावं दिली, त्यांतल्या अनेक जातींच्या कसोटीवर ही एकच संख्या लावून बघता येते. तक्त्यात रकाने होते: सम की विषम, पूर्ण वर्ग आहे का, उलटी वाचून तीच राहते का, अंकांची बेरीज, हर्षद आहे का, स्वयंभू आहे का, मूळ अवयव, विभाजक किती.

सरावासाठी मुलांनी आधी एक लहान संख्या घेतली होती: नाशिकच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन, ४२२००१. अंकांची बेरीज ९, संख्येला ९ ने निःशेष भाग जातो, भागाकार ४६८८९. म्हणजे नाशिकचा पिन ही हर्षद संख्या झाली, कारण जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती हर्षद. ४६८८९ चं वर्गमूळ २१६ च्या थोडं पुढे येतं. २ पासून २११ पर्यंतच्या ४७ मूळ संख्यांनी भागून पाहिलं, कुठेच भाग गेला नाही. तेव्हा ४२२००१ = ३ × ३ × ४६८८९, आणि शेवटचा अवयव मूळ. हे सगळं कागदावर तासाभरात होतं. सतरा अंकी संख्येसाठी कागद पुरणार नाही असं वाटून काम स्प्रेडशीटवर गेलं, आणि घोळ तिथे झाला.

स्प्रेडशीटने काय दाखवलं

रकान्यात सतरा अंक टाइप करून एंटर दाबलं. आधी १.२३४५७ई+१६ असं काहीतरी दिसलं. रकाना रुंद करून ‘नंबर’ हा फॉरमॅट दिला तेव्हा दिसलं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे २१ गेले, त्यांच्या जागी दोन शून्यं आली. हा बदल कुणाच्या लक्षात आला नाही, कारण नजर सुरुवातीच्या चढत्या अंकांवरच राहते. मग पुढचं सगळं या बदललेल्या संख्येवर झालं. शेवटी शून्य म्हणून ‘सम’. उलटी वाचली तर वेगळी म्हणून ‘उलटसुलट सारखी नाही’. पडद्यावरचे अंक मांडून बेरीज केली ती ७८, आणि ७८ ने भाग जात नाही (१३ पाशी अडतं) म्हणून ‘हर्षद नाही’. सगळी उत्तरं चूक. पण वर्गमूळ काढलं तेव्हा रकान्यात स्वच्छ १११११११११ आलं.

“सर, वर्गमूळ तर बरोबर येतंय, मग बाकीचं कसं चुकेल?” हा प्रश्न एका मुलीने विचारला, आणि प्रकरणाची खरी गाठ त्यातच आहे. तक्त्यातल्या दोन नोंदी एकमेकींशी भांडत होत्या. वर्गमूळ विषम असेल तर वर्ग विषमच असायला हवा. शिवाय पूर्ण वर्गाच्या शेवटी नेमकी दोन शून्यं असतील तर ती काढून उरणारी संख्याही पूर्ण वर्ग असावी लागते. इथे ती ३ वर संपते, आणि कोणताही वर्ग ३ वर संपत नाही. म्हणजे एकतर वर्गमूळ खोटं, नाहीतर संख्या खोटी. इथे संख्या खोटी होती आणि वर्गमूळ गोल करून दाखवलेलं होतं. खरं वर्गमूळ १११११११११ पेक्षा सुमारे ०.०००००००९ ने कमी येतं, आणि रकान्यात एवढे दशांश दिसतच नाहीत.

कारण समजून घ्यायला हवं, नाहीतर दुसऱ्या संख्येवर तीच चूक पुन्हा होते. स्प्रेडशीट कोणतीही संख्या १५ सार्थ अंकांपर्यंतच घेते, पुढच्या जागी शून्य भरते. त्याखाली संगणकाची दशांश संख्या साठवायची रीत आहे. ६४ बिटांपैकी ५२ बिट अंकांसाठी साठवले जातात, न साठवता धरलेला एक मिळून ५३ होतात, म्हणून २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतच प्रत्येक पूर्णांक जसाच्या तसा मावतो. आपली संख्या त्याच्या पलीकडे आहे. त्या पट्ट्यात यंत्राला फक्त सम पूर्णांक ठेवता येतात. म्हणून ब्राउझरमध्ये हीच संख्या टाकली की १२३४५६७८९८७६५४३२० मिळते: २१ नव्हे, २०. स्प्रेडशीटचं उत्तर आणि ब्राउझरचं उत्तर जुळत नाही, आणि दोन्ही चूक आहेत.

हाच दोष रोजच्या कामातही आडवा येतो. बारा अंकी क्रमांक सुरक्षित राहतो. सोळा अंकी डेबिट कार्डाचा क्रमांक संख्या म्हणून भरला की शेवटचा अंक शून्य होतो. उपाय एकच: रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा, मग अंक भरायचे. नंतर फॉरमॅट बदलून गेलेले अंक परत येत नाहीत.

संख्या तयार कशी होते, तिथून सुरुवात

अंक भरून तपासण्याऐवजी ही संख्या कुठून आली ते धरलं तर जवळजवळ प्रत्येक रकाना यंत्राविना भरता येतो. १११११११११ ला १११११११११ नेच गुणायचं. शाळेतल्या रीतीने गुणाकार मांडला की नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मधल्या स्तंभात नऊ, आणि मग पुन्हा उतरत एक. कोणत्याही स्तंभाची बेरीज ९ च्या वर जात नाही, म्हणून हातचा येतच नाही, आणि स्तंभांच्या बेरजा जशाच्या तशा अंक होऊन खाली उतरतात.

एवढ्यावर चार रकाने भरले. पूर्ण वर्ग: आहे. विषम: आहे. उलटसुलट सारखी: आहे. अंकांची बेरीज: स्तंभांच्या बेरजांची बेरीज म्हणजे मांडणीत एकूण जितके १ आहेत तितकी, नऊ ओळींत नऊ-नऊ, म्हणजे ८१. शून्य सोडून सगळे अंक यात आले आहेत, १ ते ८ दोनदा आणि ९ एकदा.

आपल्या जुन्या स्थानमूल्यांच्या नावांत ही संख्या वाचायला मुलांना फार आवडलं. एकं, दहं, शतं करत अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य असं चढत गेलं की सतरावं घर ‘मध्य’चं येतं. तर ही संख्या एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज… अशी सुरू होते. परार्धाला फक्त एक घर कमी.

कापरेकरांनी या घराण्याला डेम्लो संख्या म्हटलं. डोंबिवली स्टेशनात त्यांना ही कल्पना सुचली, तिथूनच ते नाव आलं. डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात: मधे एकच अंक (एकदा किंवा अनेकदा), आणि डावा व उजवा भाग मिळवले की तोच अंक ओळीने येतो. १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ मिळवा: ९९९९९९९९. मधला अंक ९. कसोटी पूर्ण. १२१, १२३२१, १२३४३२१ यांवरही हीच कसोटी लागू पडते. लहान मुलांना आधी १२३२१ द्यावी, १२ आणि २१ मिळून ३३ लगेच दिसतात.

मूळ अवयव

इथे सरळ भागाकाराच्या मागे लागलं तर १११११११११ पर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागतील, त्या साठ लाखांहून जास्त आहेत. रचना वापरली तर काम पाच मिनिटांचं. १११११११११ = १११ × १००१००१. त्यात १११ = ३ × ३७, आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३ म्हणून ३ ने भाग जातो: ३ × ३३३६६७. तर १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

आता ३३३६६७ मूळ आहे का? वर्गमूळ ५७७ च्या पुढे, ५७८ च्या आत. ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. पण एवढ्या भागाकारांची गरज नाही. ३३३६६७ ने ९९९९९९९९९ ला भाग जातो. म्हणून त्याच्या कोणत्याही मूळ अवयवाने १ ला भागलं तर येणाऱ्या आवर्ती दशांशाचं आवर्तन १, ३ किंवा ९ अंकांचं असणार. एका अंकाचं आवर्तन फक्त ३ चं, तीन अंकांचं फक्त ३७ चं. ३३३६६७ ला ३ ने भाग जात नाही (अंकबेरीज २८), ३७ ने भागलं तर बाकी १ उरते. तेव्हा उरलं ९ अंकांचं आवर्तन. आवर्तनाची लांबी नेहमी ‘मूळ संख्या उणे १’ ची विभाजक असते, आणि विषम मूळ संख्येतून १ वजा केला की सम संख्या येते. म्हणून असा अवयव ‘१८ च्या पटीत १ मिळवून’ येणाऱ्या मूळ संख्यांमध्येच सापडू शकतो. ५७७ पर्यंत ३७ वगळून अशा सोळाच आहेत: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सोळाही भागाकार मुलांनी हाताने केले. १६३ पाशी बाकी ६, १९ पाशी ८, ५२३ पाशी ५१६; शून्य कुठेच नाही. ३३३६६७ मूळ आहे.

म्हणून आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. विभाजक ५ × ३ × ३ = ४५. विभाजकांची संख्या विषम आली, ती फक्त पूर्ण वर्गाचीच येते, म्हणजे ही आधीच्या रकान्याची पडताळणीही झाली. पूर्ण घन नाही, कारण ४ आणि २ हे ३ च्या पटीत नाहीत. स्वतःला सोडून बाकीच्या ४४ विभाजकांची बेरीज ६६०८६००६०५१७३२५८ येते, संख्येच्या निम्म्याहून थोडी जास्त. अशी बेरीज संख्येइतकीच आली तर संख्या परिपूर्ण, जास्त आली तर विपुल, कमी आली तर न्यून. म्हणून ही परिपूर्ण नाही, विपुल नाही, न्यून गटात.

हर्षद, आणि त्यातून निघालेली गोष्ट

१११११११११ ला ९ ने भाग जातो, तर त्याच्या वर्गाला ८१ ने जाणारच. अंकांची बेरीज ८१. हर्षद आहे. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग.

उलट बाजूने ८१ ने गुणलं तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो: ९९९९९९९९८०००००००१. हा मधोमध तोडून दोन तुकडे मिळवा: ९९९९९९९९८ + १ = ९९९९९९९९९. वर्गाचे दोन तुकडे मिळवून ज्या संख्येचा वर्ग केला तीच परत येणं हीच कापरेकर संख्येची खूण. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५, हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. तर आपली संख्या तिच्याच अंकबेरजेने गुणली की कापरेकर संख्येचा वर्ग तयार होतो.

आपली संख्या स्वतः मात्र कापरेकर संख्या नाही, आणि हे तिचा ३३ अंकी वर्ग न काढता सिद्ध होतं. वर्गाचे उजवे १७ अंक आणि डावा भाग मिळून तीच संख्या परत यायची असेल, तर संख्या आणि तिच्या आधीची संख्या यांच्या गुणाकाराला सतरा नवांच्या संख्येने, म्हणून सतरा एकांच्या संख्येनेही भाग जायला हवा. सतरा एकांच्या संख्येत ३, ३७ किंवा ३३३६६७ यांतला एकही अवयव नाही: अंकबेरीज १७ आहे, आणि ३ व ९ या आवर्तनांनी १७ ला भाग जात नाही. मग ती अख्खी संख्या १२३४५६७८९८७६५४३२० मध्येच मावायला हवी. १११११११११११११११११ तिच्यात एकदा जाते आणि भली मोठी बाकी उरते. प्रश्न मिटला. तक्त्यावर इथे सरळ ‘नाही’ लिहायचं. ‘तपासता आलं नाही’ लिहिण्याचं कारण नाही.

स्वयंभू आहे का?

या रकान्यात मुलं सर्वात जास्त रमली. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते: २३ + ५ = २८, म्हणून २८ ची जनक २३. जिला जनकच नाही ती स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, २० या तशा. कापरेकरांच्या गावावरून यांना देवळाली संख्याही म्हणतात.

सतरा अंकांची अंकबेरीज जास्तीत जास्त १५३. म्हणून जनक असेल तर तो १५३ च्या आतच खाली सापडेल. शिवाय आपली संख्या ९ च्या पटीत आहे. जनक आणि त्याची अंकबेरीज यांची ९ ने भागून उरणारी बाकी एकच असते, आणि त्या बाकीच्या दुपटीला ९ ने भाग जायला हवा, म्हणजे ती बाकी शून्यच. तेव्हा फक्त ९, १८, २७ … १५३ एवढ्या सतरा वजाबाक्या तपासायच्या. शेवटचे तीन अंक ३२१ सोडून बाकी अंकांची बेरीज ७५, आणि १५३ वजा केले तरी हजाराच्या घराला धक्का लागत नाही. म्हणून काम तीन अंकांवर आलं: ३१२, ३०३, २९४, २८५ असं उतरत जायचं, ७५ मिळवायचे, आणि जेवढे वजा केले तेवढेच येतात का पाहायचं. ९ वजा केले तर शेवट ३१२, बेरीज ८१, जुळत नाही. २७ ते ७२ पर्यंत प्रत्येक वेळी ९० येते, जुळत नाही. ८१ वजा केले की शेवट २४०, बेरीज ७५ + ६ = ८१. जुळलं. ९० वजा केले की पुन्हा ८१ येते, हुकतं. पुढेही १५३ पर्यंत एकही जुळत नाही.

तर १२३४५६७८९८७६५४२४० ही तिची एकुलती एक जनक. संख्या स्वयंभू नाही. आणि जनकाची अंकबेरीज ८१, तिलाही ८१ ने भाग जातो, म्हणजे जनकही हर्षद. हे कुणी शोधायला निघालं नव्हतं, रकाना भरताना हाती आलं.

दोन वर्गांची बेरीज

हा रकाना मूळ तक्त्यात नव्हता, अवयव मिळाल्यावर वाढवला. ज्या मूळ अवयवांना ४ ने भागून बाकी ३ उरते ते सम वेळा आले असतील तरच संख्या दोन वर्गांची बेरीज होते. इथे ३ चार वेळा, ३३३६६७ दोन वेळा. दोघेही या अटीत बसतात. ३७ ला ४ ने भागून बाकी १ उरते, आणि ३७ चा वर्ग = ३५ चा वर्ग + १२ चा वर्ग (१२२५ + १४४ = १३६९). उरलेला गुणक ९ × ३३३६६७ = ३००३००३. त्याने दोन्ही बाजू गुणल्या की मिळतं:

१११११११११ चा वर्ग = १०५१०५१०५ चा वर्ग + ३६०३६०३६ चा वर्ग.

काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे अंक असे लयीत यावेत हे फारच सुंदर आहे. ३७ हा या प्रकारचा एकमेव अवयव असल्याने शून्य न वापरता दुसरी मांडणी शक्य नाही. तक्त्याच्या मधोमध हेच समीकरण मोठ्या अक्षरांत लिहावं.

यंत्राने पडताळा घ्यायचा तर

पायथॉनसारख्या भाषेत पूर्णांकांना अंकांची मर्यादा नसते, तिथे हे सगळं नीट तपासता येतं. पण दोन ठिकाणी सांभाळावं. भागाकारासाठी दोन तिरक्या रेघांचं चिन्ह वापरावं, एका रेघेचं चिन्ह उत्तर दशांशात नेतं आणि पुन्हा ५३ बिटांची भिंत आडवी येते. वर्गमूळासाठी पूर्णांक वर्गमूळाचं फंक्शन घ्यावं. अर्धा घात देऊन काढलेलं वर्गमूळ १२३४५६७८९८७६५४३२१ लाही १११११११११ देतं आणि १२३४५६७८९८७६५४३२० लाही तेच देतं. त्यावरून पूर्ण वर्ग ठरवता येत नाही. उत्तर आल्यावर त्याचा पूर्णांकातच वर्ग करून सुरुवातीच्या संख्येशी जुळवावा.

पुढच्या तक्त्यासाठी दहा एकांची संख्या घ्यायला हरकत नाही, फक्त हीच उत्तरं तिथे उतरवू नयेत. मधल्या स्तंभात दहा येतात, हातचा पुढे सरकतो आणि वर्ग होतो १२३४५६७९००९८७६५४३२१. उलटसुलट सारखा नाही. अंकांची बेरीज ८२, म्हणजे २ × ४१. दहा एकांच्या संख्येचे अवयव ११, ४१, २७१ आणि ९०९१. वर्गात ४१ आहे, पण वर्ग विषम असल्याने २ नाही, म्हणून हर्षदही नाही.